सहा इंची दुर्बिणीचा आरसा घरी घासताना

माझी सगळी नोकरी मशिन शॉपमध्ये झाली. तिथे ०.०१ मिलिमीटर राखलं की काम चोख समजायचे. दुर्बिणीच्या आरशाला त्याच्या जवळजवळ दीडशे पट बारकावा लागतो, आणि तो लेथवर नाही, दोन हातांनी साधतो. हे सांगितलं की लोक एक तर हसतात, नाहीतर 'आपल्याच्यानं होणार नाही' म्हणून मोकळे होतात. दोन्हीचं कारण नाही. दोन पृष्ठभागांच्या मध्ये कुरुंदासारखी कठीण भुकटी आणि पाणी घालून ते सगळ्या दिशांनी, फिरवत फिरवत एकमेकांवर घासले, तर ते गोलाचाच भाग होतात. कसंही सरकवलं, कितीही फिरवलं तरी सगळीकडे टेकून राहतील असे पृष्ठभाग फक्त गोलाचेच असतात. उंचवटा राहिला तर घर्षण तिथेच जास्त होतं आणि तो झिजतो. म्हणजे गोलाई निसर्ग करून देतो. तुमच्याकडून हवी असते ती स्वच्छता, आणि तपासल्याशिवाय पुढच्या पायरीवर न जाण्याचा हट्टीपणा.

पहिला आरसा १५० मि.मी. व्यासाचा आणि एफ/८ चा करा. म्हणजे फोकल लेंथ (आरशापासून दूरच्या वस्तूचं चित्र उमटतं ते अंतर) व्यासाच्या आठपट, १२०० मि.मी. आणि वक्रतेची त्रिज्या त्याच्या दुप्पट, २४०० मि.मी. हा आकडा मी सवयीनं सांगत नाही. दुर्बिणीला गोल नव्हे, पॅराबोला (कडेकडे किंचित पसरट होत जाणारी, समांतर किरण एका बिंदूत आणणारी वाटी) लागतो, आणि नवशिक्यांची झोप तिथेच उडते. या मापाच्या आरशात गोल आणि पॅराबोला मध्यावर जुळवले तर कडेला दोघांत फरक पडतो ०.०००२९ मि.मी. एवढाच. सर्वांत जवळचा गोल धरला, तर नुसत्या उत्तम गोलाकार आरशाची चूकसुद्धा प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या आसपास राहते, आणि पाव तरंग ही चांगल्या दुर्बिणीची रूढ मर्यादा आहे. थोडक्यात, पॅराबोला अर्धामुर्धा जमला तरी गुरूचे पट्टे आणि शनीची कडी स्वच्छ दिसतील. हाच आरसा एफ/५ चा केला की फरक चौपटीनं वाढतो. आखूड नळीचा मोह दुसऱ्या आरशापर्यंत आवरा.

काच आणि टूल

काच १९ ते २५ मि.मी. जाडीची घ्या. बोरोसिलिकेट मिळाली तर उत्तम, कारण ती उष्णतेनं साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. साधी प्लेट ग्लासही चालते. फक्त प्रत्येक तपासणीआधी ती थंड व्हायची वाट जास्त पाहावी लागते. टफन्ड काच मात्र फुकट मिळाली तरी नको. तिच्या पृष्ठभागात मुद्दाम ताण भरलेला असतो, आणि घासताना त्याचा तोल गेला की सगळी काच एका क्षणात चुरा होते. शंका असेल तर दोन पोलरॉइड फिल्म एकमेकींना आडव्या धरून मध्ये काच ठेवा. ताण असेल तर उजेडाचे पट्टे किंवा डाग उमटतात. भंगारातली काच वाईटच असते असं मात्र नाही. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठातले संन्यासी. त्यांनी आपला पहिला मोठा आरसा जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेतून घासला होता.

आरसा ज्याच्यावर घासायचा त्याला टूल म्हणतात. पूर्वी त्यासाठी तेवढीच दुसरी काच घेत. आता प्लास्टरची दीड इंच जाड चकती ओतून तिच्यावर इंचभराच्या सिरॅमिक टाइल्स इपॉक्सीनं चिकटवणं जास्त सोयीचं. टाइल्समध्ये तीन-चार मि.मी. फट ठेवा, म्हणजे पाणी आणि चिखल खेळता राहतो. चकतीचा मध्य टाइलच्या बरोबर मध्यावर किंवा चार फटींच्या चौकात येऊ देऊ नका. मांडणी सममित झाली तर काचेवर वर्तुळाकार पट्टे उमटतात. प्लास्टरला सगळीकडून इपॉक्सीचा किंवा वॉर्निशचा हात द्या, नाहीतर ते पाणी पितं आणि भरड कण धरून ठेवतं. हे कण पुढे कधीतरी सुटतात, आणि नेमके सुटायला नको तेव्हा सुटतात.

घासायला सुरुवात करण्याआधी काचेची धार मोडा. ओल्या धारेच्या दगडानं ४५ अंशांत दोन मि.मी. बेव्हल काढायचा. धार तशीच राहिली तर कडेचा टवका उडतो, आणि तोच टवका टूल आणि काचेमध्ये सापडून आरसाभर ओरखडे काढतो. घासकामात बेव्हल झिजत जातो. दर दोन-तीन ग्रिटनंतर, म्हणजे भरड ते बारीक भुकटीच्या पायऱ्यांनंतर, तो पुन्हा काढावा.

खड्डा

टेबल जड हवं आणि त्याच्याभोवती फिरता यायला हवं. ते जमत नसेल तर टूल एका फिरत्या पाटावर बसवा. टूल खाली, काच वर. टूलवर ८० नंबरचं, म्हणजे भरड, सिलिकॉन कार्बाइड अर्धा चमचा टाका, पाण्याचा फवारा मारा, काच ठेवा आणि ढकला. पहिल्या काही फेऱ्यांत जात्याची घरघर येईल. दोन-तीन मिनिटांत आवाज मऊ होतो आणि राखाडी चिखल कडेनं बाहेर येतो: कण चुरले, आता ते कापत नाहीत. पुसा, नवीन भुकटी टाका. या एका फेरीला आम्ही 'वेट' म्हणतो. घड्याळाकडे पाहू नका, कान द्या. मुका झालेला चिखल घासत राहणं म्हणजे फुकटची मेहनत.

खड्डा लवकर पाडायचा असेल तर काचेचा मध्य टूलच्या मध्यावरून न नेता टूलच्या कडेजवळून न्या, म्हणजे काच एका बाजूनं तीन-चार सेंटिमीटर बाहेर लोंबते. या अवस्थेत सगळा भार काचेच्या मधल्या भागावर आणि टूलच्या कडेवर येतो, म्हणून काच मध्ये खोल होत जाते आणि टूल फुगीर. दर चार-सहा ढकलण्यांनंतर काच हातात थोडी फिरवायची आणि आपण टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. या दोन फिरण्यांचा ताल जुळू देऊ नका. बेशिस्त जितकी जास्त, तितका गोल चांगला.

किती खोल? त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता-त्रिज्येची दुप्पट: ७५ चा वर्ग भागिले ४८००, म्हणजे १.१७ मि.मी. काचेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मध्यावर ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा सरकवून पाहा. १.१ मि.मी.चा जेमतेम जाऊ लागला की ८० नंबर थांबवा. उरलेली खोली पुढची ग्रिट घेतात. त्यानंतर मध्यावरून मध्य असा, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचा स्ट्रोक (काचेची पुढे-मागे ढकल) घ्या, म्हणजे ओबडधोबड वाटी गोल होते. खात्री करायला काचेवर पर्मनंट मार्करनं जाळी आखा आणि एक छोटा वेट घासा. मध्यापासून कडेपर्यंत रेषा एकसारख्या पुसल्या गेल्या तर गोल जमला. मध्यावरच्या रेषा टिकल्या असतील तर तिथे अजून टेकत नाही, काम बाकी आहे. खड्डा जास्त झाला तरी काळजी नको. टूल वर आणि काच खाली घेऊन घासलं की वक्रता कमी होते.

फोकल लेंथ पाहायला ओली काच उन्हात धरून भिंतीवर सूर्याचं बिंब पाडतात. बिंब सर्वांत लहान होईल ते अंतर मोजायचं. त्या उजेडाच्या वाटेत डोळा किंवा कापड येऊ देऊ नका. ओल्या खरखरीत काचेचासुद्धा चटका बसतो.

ग्रिट बदलणं

सगळ्यात जास्त आरसे इथे बिघडतात. ८० नंतर १२०, २२०, ४००, मग ॲल्युमिनियम ऑक्साइड २५, १५, ९ आणि ५ मायक्रॉन असा क्रम. प्रत्येक ग्रिटचं काम एकच: आधीच्या ग्रिटनं पाडलेले खळगे नाहीसे करायचे. 'तासभर घासलं, झालं' हा हिशेब चुकीचा. भिंगातून पाहा. काच धुवून कोरडी करा, मागून दिवा धरा आणि दहापट मोठं दाखवणारी लूप पृष्ठभागावर टेकवून मध्य, निम्मी त्रिज्या आणि कड अशा तीन जागा बघा. सगळे खळगे एका मापाचे दिसायला हवेत. त्यांच्यात मधूनच एखादा मोठा, काळा खळगा दिसला की अजून काही वेट बाकी आहेत. आधीच्या ग्रिटमध्येच एका मोठ्या खळग्याशेजारी बेव्हलवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा, आणि तोच खळगा पुढे झिजून जातो का ते पाहा. माझ्या मते हीच एक खरी कसोटी आहे. ४०० च्या पायरीला राहिलेला मोठा खळगा पॉलिशमध्ये जाईल ही आशा सोडा. पॉलिश इतकं सावकाश काच काढतं की तो खळगा तुमच्याबरोबर म्हातारा होईल.

ग्रिट बदलताना टेबल, बादली, स्पंज, फवारा, नखं, बाह्या सगळं धुवा. जुनी वर्तमानपत्रं अंथरली असतील तर ती फेकून नवी घ्या. एक भरड कण बारीक ग्रिटमध्ये शिरला, की ऐकू येणारा 'कर्र' आवाज अंगावर काटा आणतो. तो आला की त्याच क्षणी थांबा, काच सरळ वर उचलण्याऐवजी बाजूला सरकवून काढा आणि धुवा. धुतलेला चिखल बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात तो सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या आणि खालचा गाळ वेगळा टाका. कोरडी भुकटी मिसळताना मास्क लावा, आणि काचेचा चिखल वाळवून झाडू नका. ती धूळ फुफ्फुसात जायला नको.

बारीक ग्रिटमध्ये पाणी कमी पडलं तर काच आणि टूल एकमेकांना चिकटतात, आणि बळ लावून निघत नाहीत. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालायचा विचारही करू नका. दोन्ही कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि आडवं ढकला.

५ मायक्रॉन संपल्यावर काच दुधाळ दिसते, पण छापील कागदावर ठेवली तर अक्षरं वाचता येतात. अगदी तिरप्या कोनातून पाहिलं तर दिव्याचं लालसर प्रतिबिंब दिसू लागतं. मग पॉलिशला घ्यायला हरकत नाही.

पिच आणि पॉलिश

पॉलिशला टाइल्स चालत नाहीत. त्यांच्यावर पिचचा, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाचा, थर द्यायचा. पिच घट्ट दिसतं पण हळूहळू वाहतं, आणि म्हणूनच आरशाचा आकार घेतं. ते मंद आचेवर, झाकण हाताशी ठेवून, धूर न होऊ देता वितळवा. पेटलं तर पाणी नाही, झाकण. कडकपणा नखानं पाहतात: थंड झालेल्या तुकड्यावर अंगठ्याचं नख आठ-दहा सेकंद दाबलं की दोन-तीन मि.मी.चा ठसा उमटायला हवा. अजिबात उमटला नाही तर आच बंद करून, भांडं विस्तवापासून दूर नेऊन टर्पेंटाइनचे थेंब मिसळा. जास्तच मऊ वाटलं तर आणखी थोडा वेळ मंद आचेवर ठेवा. ऊन-थंडीप्रमाणे हाच ठसा बदलतो. खोली जितकी गरम, तितकं कडक पिच हवं.

टूल कोमट पाण्यात गरम करून कोरडं करा, भोवती टेपची भिंत बांधा आणि सहा मि.मी. थर ओता. थर घट्ट होत आला की सेरियम ऑक्साइडचं (पॉलिशची बारीक भुकटी) पाणी लावलेली काच त्यावर दाबा. मग इंचभराच्या चौकोनांची जाळी कापा, पुन्हा मध्य चुकवून. काच वजनाखाली ठेवून दाबत राहा, आणि काचेतून पिचचे सगळे चौकोन सारखेच टेकलेले दिसेपर्यंत पॉलिश सुरू करू नका. अर्धवट टेकलेल्या पिचवर घासलं की गोलाचा सत्यानाश होतो.

सेरियम ऑक्साइड दुधाएवढं पातळ. स्ट्रोक पुन्हा एक तृतीयांश, सावकाश, इंग्रजी डब्ल्यूच्या वळणानं. दहा-पंधरा मिनिटांतच मध्य चमकू लागतो आणि माणूस खूश होतो. पण कड सर्वांत शेवटी पॉलिश होते. अंधारात लेझर पॉइंटर पृष्ठभागावर तिरपा मारा आणि किरण डोळ्यांकडे परतणार नाही असा धरा. काच पूर्ण पॉलिश झाली असेल तर ठिपका जवळजवळ दिसतच नाही. राखाडीपणा उरला असेल तर तो तिथे उजळतो. कडेला ठिपका विझेपर्यंत घासायचं. यात काही तास जातात आणि ते द्यायलाच हवेत.

सुरीची चाचणी

लेऑ फूको यांनी १८५८-५९ च्या सुमारास आरशाचा आकार तपासायची ही चाचणी दिली. सगळ्या कामात तिच्याइतकी सुंदर गोष्ट नाही. साहित्य किरकोळ आहे: एक एलईडी, तिच्यापुढे ब्लेडच्या दोन तुकड्यांमधली बारीक फट, शेजारी उभं ब्लेड, आणि हे सगळं पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवणारी चौकट. चौकटीला एम ६ चा साधा स्क्रू लावा. त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर एक मि.मी. असतं, म्हणजे एक फेरी बरोबर एक मि.मी. परतीची फेरी ढिली पडते, म्हणून वाचन नेहमी एकाच दिशेनं फिरवत घ्या.

खोली अंधारी करा, आरसा उभा ठेवा आणि चौकट त्याच्यापासून २४०० मि.मी.वर मांडा. परतणारा उजेड पांढऱ्या कागदावर शोधा आणि ब्लेडच्या शेजारी आणा. आता ब्लेडमागे डोळा लावून ब्लेड उजवीकडून आत सरकवा. आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसेल. सावली उजवीकडूनच आली तर तुम्ही आरशाच्या जास्त जवळ आहात, डावीकडून आली तर जास्त लांब. बरोबर वक्रतेच्या केंद्रावर आलात आणि आरसा उत्तम गोल असेल, तर सावली कुठूनच येत नाही. सगळा आरसा एकाच वेळी सपाट राखाडी होतो. गोल नसेल तर तिरपा उजेड पडल्यासारखे डोंगर-दऱ्या दिसतात, आणि हे डोंगर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही छोट्या अंशांचे असतात.

खात्री पटायला एक प्रयोग करा. आरशावर बोटाचं टोक अर्धा मिनिट टेकवा, काढा आणि ब्लेडमागून बघा. बोट होतं तिथे फोड आल्यासारखा उंचवटा दिसतो आणि काही मिनिटांत विरतो. बोटाच्या उष्णतेनं काच तेवढी फुगते. हे एकदा पाहिलं की पॉलिशनंतर लगेच तपासू नका, हे सांगावं लागत नाही. काच निदान तासभर थंड होऊ द्या. प्लेट ग्लासला जास्तच.

पॅराबोलासाठी मधला भाग थोडा खोल करायचा. आरसा वर ठेवून डब्ल्यू स्ट्रोक लांब आणि रुंद घ्या, काच दोन्ही बाजूंना चांगली बाहेर जाऊ द्या. पण काही मिनिटंच. मग थांबा, थंड करा, बघा. पॅराबोलात ब्लेड आरशाच्या मध्याच्या आणि कडेच्या वाचनांच्या अधल्यामधल्या जागी आणलं की मेदूवड्यासारखी, पसरट कड्यासारखी सावली दिसते. मोजायचं असेल तर पुठ्ठ्याचा मास्क कापून एकेका पट्ट्याच्या डाव्या-उजव्या खिडक्या सारख्या काळ्या होतात ती जागा स्क्रूवर वाचा. फट आणि ब्लेड एकत्र सरकत असतील, तर मध्यापासून आर अंतरावरच्या पट्ट्याचं वाचन आरशाच्या मध्याच्या वाचनाच्या तुलनेत आरचा वर्ग भागिले ४८०० एवढं मागे पडायला हवं. ५० मि.मी.च्या पट्ट्याला ०.५२, आणि ७० मि.मी.च्या पट्ट्याला १.०२ मि.मी., म्हणजे जेमतेम स्क्रूची एक फेरी. त्याहून कमी वाचन आलं तर सुधारणा अपुरी, आणखी घासा. जास्त आलं तर आरसा पॅराबोलाच्या पुढे गेला. छोट्या स्ट्रोकनं गोलाकडे परत आणा. एफ/८ मध्ये मी अपुरी बाजू पसंत करतो. तिथे थोडं राहिलं तरी मर्यादेतच असतं.

खरी डोकेदुखी म्हणजे वळलेली कड. ब्लेड आत नेताना ब्लेडसमोरच्या कडेला उजेडाची बारीक, अखंड रेघ दिसायला हवी. ती नसेल आणि शेवटचे दोन-चार मि.मी. घसरले असतील, तर कारण बहुतेक वेळा मऊ पिच किंवा कडेवर दिलेला हातांचा जोर असतं. पिच कडक करा, हात मध्याकडे घ्या आणि आखूड स्ट्रोकनं सगळा आरसा पुन्हा गोल करा. तेवढी एकच रेघ दुरुस्त करायला बोटानं पॉलिश करू नका. अगदीच निघत नसेल तर तो कडेचा पट्टा काळा रंगवून टाका. व्यास पाच मि.मी. कमी झाला तर आकाशाला काही फरक पडत नाही.

मुलामा

कोटिंगच्या आधी एकदा दुर्बीण जोडा आणि चंद्र बघा. उघडी काच पडलेल्या उजेडाचा साधारण ४ टक्के भाग परतवते आणि चंद्राला तेवढा पुरतो. तेजस्वी तारा फोकसच्या आत आणि बाहेर नेऊन कड्यांची तबकडी सारखी दिसते का तेही तपासा. आकार बदलायचा असेल तर ही शेवटची वेळ. आडवा आरसा, म्हणजे नळीत तिरपा बसून उजेड डोळ्याकडे वळवणारा छोटा लंबगोल सपाट आरसा, घरी करू नका, सपाट पृष्ठभाग गोलापेक्षा कितीतरी अवघड असतो. ३५ मि.मी. लहान अक्षाचा तयार आणा.

मुलामा ॲल्युमिनियमचा, निर्वात पेटीत वाफ करून चढवलेला. तो थर ०.०००१ मि.मी.च्या आसपास असतो, त्यामुळे तुमचा एकही ओरखडा झाकला जात नाही. मुलाम्यासाठी आरसा पाठवताना पॉलिश केलेल्या बाजूला कापूस किंवा प्लास्टिक टेकू देऊ नका. कडेवर आधार देणारा डबा करा आणि मागच्या बाजूला व्यास, फोकल लेंथ आणि तारीख कोरून ठेवा. काही वर्षांनी थर मळका झाला की तो फेरिक क्लोराइडनं उतरतो आणि नवा चढवता येतो. खालच्या काचेला पुन्हा हात लावावा लागत नाही.